घडीच्या खुर्च्या

हॉलच्या चाव्या माझ्याकडे,
म्हणून खुर्च्याही मीच मांडते.
ओरीस्या म्हणाली, चाळीस पुरेत,
उगाच रिकामेपण उठून दिसतं.
मी साठ मांडल्या.

रेजायनाहून आलेल्या बाई
पडद्यावर पवनचक्क्या दाखवतात,
अठरा आठवड्यांचं प्रशिक्षण, राहणं-जेवण फुकट.
मागे स्वयंपाकघरात पिरोगी उकळताहेत,
परतलेल्या कांद्याचा वास
‘संधी’ या शब्दावरून सरळ चालत जातो.

प्रश्न विचारा, बाई म्हणतात.
म्हातारा वसिल उठतो, टोपी हातात:
“पात्यांवर बर्फ साचला, निसटला,
तर खाली उभ्या गायीचं काय?”
कुणी हसत नाही.
गायी विकून त्याला सहा वर्षं झालीत.

सत्तावीस माणसं. दोनदा मोजली,
दाराशी रेंगाळणारा डॅरिल धरून.

जेवणं उरकली, उरलेले डबे गाड्यांत गेले.
खुर्च्या दुमडताना टेबलावर यादी दिसली.
एकच नाव, पेन्सिलीनं, खोडलेलं.
खाली पुन्हा तेच,
या वेळी शाईनं.
‘ल’ची ती लांब शेपटी
मीच गिरवून घेतली होती कधी.

बाहेर उणे बावीस.
लेसिया गाडीत हीटर लावून बसलेली.
“किती होत्या खुर्च्या?” तिनं विचारलं.
साठ, म्हटलं.
आणि काच पुसत राहिले, आतून.