हगूर

दुसऱ्या पीयूसीला फिजिक्स उडालं
त्या मे महिन्यात मी नंदगडला कौलं झेलत होते.

लॉरी खानापूरच्या भट्टीवरून आलेली.
घर कुणा हलगेकरांचं, भिंतींना अजून गिलावा नाही.
लॉरीवर इराप्पा, खाली यल्लूबाई, मग मी,
मग शिडीवर तिचा पोरगा, कानात बाळी घातलेला,
जो माझ्याकडं बघायचा नाही, फक्त कौलाकडं बघायचा.

पहिलं कौल मी धरलं ते धरलंच,
दोन्ही कोपरं ताठ, दात आवळून,
जसं कुणी माझं काही हिसकावून न्यायला आलंय.
कौल फुटलं नाही. अंगठ्याचं नख काळं पडलं.

"दगडावानी का धरूलीस गे?" यल्लूबाई म्हणाली.
आणि वरून इराप्पा, कानडीत:
"हगूर हिडी. हगूर."

हगूर. आमच्या घरी अलगद म्हणतात.
पण अलगद हा ठेवतानाचा शब्द आहे,
झेलतानाचा नाही,
असं मला त्या उन्हात वाटलं.

हट्टीहोळी सरांनी फळ्यावर चेंडू काढला होता.
मी जन्मात चेंडू झेलला नव्हता.
शिवाय दहावीपर्यंत जे संवेग आणि आवेग होते
ते एका सुट्टीत मोमेंटम आणि इम्पल्स होऊन बसले,
मी दोघांनाही ओळख दाखवली नाही.

आता मांडून बघते.
कौल अडीच किलोचं.
हातात येताना वेग, अंदाजे, सेकंदाला चार मीटर.
गुणाकार दहा.
हे दहा मला संपवायचेच आहेत, त्यात सूट नाही.
ताठ हातांनी, सेकंदाच्या शंभराव्या भागात संपवले
तर हजार न्यूटन, आणि काळं नख.
कौल येतंय तसे हात त्याच्याबरोबर पोटाशी आणले,
सेकंदाचा पाचवा भाग त्याला दिला,
तर पन्नास.
पन्नास म्हणजे कडेवरचं लहान मूल. तेवढं चालतं.

आलेखावर एक उंच काठी,
एक बुटका, पसरट ढीग.
दोन्हीचं क्षेत्रफळ तेवढंच.
परीक्षेत हे विचारलं होतं. मी काठीच काढून आले.

यल्लूबाईचं तर निराळंच.
ती कौल थांबवायचीच नाही.
कंबरेतून वळायची, आणि आलेल्यातलं बरंचसं
तसंच पुढं माझ्याकडं जाऊ द्यायची.
साठीची बाई, दुपारपर्यंत दमली नाही.
मी प्रत्येक कौलाला आधी मारत होते
आणि मग पुन्हा जिवंत करत होते.

चौदावं फुटलं. एकोणिसावं फुटलं.
मग मोजायचं विसरले.

आणि मधेच कधीतरी, हात चालू असताना, आई आठवली.
बाबा उद्यमबागेत लेथवर, संध्याकाळच्या गाडीनं येणारे.
रिझल्ट लागला त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, पेपर अवघड होता म्हणे.
दुसऱ्या दिवशी, बऱ्याच पोरांचं राहिलंय.
तिसऱ्या दिवशी काहीच नाही, नुसतं वांग्याचं भरीत.
चौथ्या रात्री ताटावरून बाबाच म्हणाले,
जुलैत परत बसेल की ती.
कमी काही झालं नव्हतं.
मी नापास होते तेवढीच नापास होते.

लॉरी रिकामी झाली. हलगेकरांच्या सुनेनं
चहाचा ग्लास पुढं केला, आणि माझे हात
आपोआप पोटाकडं गेले, ग्लास ओढत,
अर्धा चहा ओढणीवर.

इराप्पा लॉरीवरून इतका हसला
की त्याला खाली बसावं लागलं.