अवलंबितांचा रकाना

बुलावायोत वीज नाही.
प्रसूतीच्या वॉर्डात नोमालांगा
स्प्रिंगच्या जुन्या काट्याला झोळी अडकवते,
झोळीत एक तासाची मुलगी.
मोबाइलच्या उजेडात आकडा वाचते,
दोन किलो सातशे,
आणि आईला मोठ्यानं सांगते,
जसं काही बक्षीस लागलंय.

हातमोजे आजही बायकांनीच घरून आणलेत.
ड्यूटीवर तिघी हव्यात, आहे ती एक.
ग्लॅडिस लीड्सला गेली, नोम्सा कॉर्कला.
दोघींची नावं अजून फळ्यावर आहेत,
पुसायला कुणाला सवड नाही.

अडीचला वीज येते.
टेबलावर लेकीची गणिताची जुनी वही,
मागच्या पानांवर तीन उभ्या रेघा.
इंग्लंड: सगळ्यांना नेता येईल,
पण व्हिसे, चार तिकिटं, पहिल्या महिन्याचं भाडं…
एवढ्यात इथं दोन खोल्यांवर पत्रे पडतात.
आयर्लंड: एजंट म्हणतो, आधी एकटी जा, मग बघू.
'मग'च्या पुढे तिनं प्रश्नचिन्ह काढलंय,
खोडलंय, पुन्हा काढलंय.
ऑस्ट्रेलिया: हे व्हुसाला आवडतं, ऊन असतं म्हणून.
व्हुसा हायस्कुलात सुतारकाम शिकवतो.
म्हणाला, तिकडे म्हाताऱ्यांना आंघोळ घालीन, जमेल मला.
तिनं त्याच्या नखांतला भुसा पाहिला
आणि भाजीत मीठ घातलं. दुसऱ्यांदा.

इंग्रजीची परीक्षा तिन्हीकडे.
सहाव्या वर्षी इंग्रजीत पाढे म्हटले,
मेलेल्यांच्या वेळा इंग्रजीत लिहिल्या रजिस्टरात,
तरी ती येते हे सिद्ध करायला फी भरायची.
फी भरून नापास झाले, ती म्हणाली,
तर एन्डेबेलेत रडेन.

पण पेन अडतं ते इथं नाही.
अडतं ते अवलंबितांच्या रकान्यात.
नोथांडो, वय नऊ, मुलगी. झालं.
मेलुसी, वय सोळा वर्षं आठ महिने.
नातं?

थेंबी गेली तेव्हा तो दीड वर्षाचा होता.
नोमालांगा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
धाकट्या बहिणीनं थोरलीचं पोर
टॉवेलनं पाठीशी बांधलं,
आणि शरीरातली हाडं पाठ केली ती
त्याच्याच पायांवर बोट ठेवून.
तो तिला मामा म्हणतो.
मामा म्हणजे तिथं आई.
आईची बहीण तिथं मावशी नसतेच,
धाकटी आई असते.
माय मरो नि मावशी जगो
असं म्हणायची त्या भाषेला गरजच पडलेली नाही.

एजंट म्हणतो, कोर्टाचा कागद आणा. दत्तकाचा.
आपल्याच पोराला दत्तक कोण घेतं?
पंधरा वर्षांत सुचलं नाही ते खरं.
आता कोर्टाची तारीख पुढच्या थंडीत,
आणि तो अठराचा व्हायला सोळा महिने.
भाचा लिहा मग, एजंट म्हणतो,
भाचा या फॉर्ममध्ये बसत नाही,
पण खोटंही ठरत नाही.

सात नंबरची बाई कण्हते.
अजून वेळ आहे, नोमालांगा आवाजावरून ओळखते.
वहीचं पान उलटते
आणि पेन्सिलीतले आकडे दिसतात, तिचे नव्हेत.
साताच्या पोटात आडवी रेघ,
अशी रेघ घरात एकच जण मारतो.
वर लिहिलंय, चारऐवजी तीन.
तीन तिकिटं. तीन स्वेटर.
खोली एक कमी.
भाडं, फी, सगळं एकाखाली एक नीट मांडलेलं,
आणि उत्तराखाली दोन रेघा
शाळेत शिकवतात तशा.
बाजूला बारीक अक्षरात,
मी गोगोकडे राहीन. डेटा पाठवत जा.

ती बेरीज एकदा करते.
पुन्हा करते.
व्हिशांचे पैसे बरोबर आहेत, तिकिटांचेही.
शंभराच्या घरात चुकलंय.
गडबडीत
हातचा एक धरायचा राहिलाय.

सात नंबर आता ओरडते, खऱ्याखुऱ्या आवाजात.
नोमालांगा उभी राहते, हातमोजे शोधते,
आणि जाता जाता वाकून
तेवढंच दुरुस्त करते.
रांगेच्या डोक्यावर, लहान,
एक.