चार बोटांचं अंतर

अर्ज मी अकराव्या दिवशी केला.
चौदाव्या दिवशी यंत्र स्वतःवरच पुन्हा लिहू लागतं,
पाटी पुसावी तसं, फडक्याशिवाय.
हातात तीन दिवस, त्यातले दोन शनिवार-रविवार.
महापालिकेतली डोरीन म्हणाली,
"तारीख सांग, वेळ सांग,
उत्तरेचा खांब की दक्षिणेचा, ते सांग.
आणि फी चेकनेच."

टूसॉन. बाविसावा रस्ता, अल्व्हर्ननचा चौक.
एप्रिलात इथे पालोव्हेर्देची फुलं
दुभाजकाच्या कडेकडेने साचतात,
कुणाच्या हातून हळद सांडावी तशी.
फाईलमध्ये हे नाही.
फाईलमध्ये: वादी युसेबियो बर्राझा,
वय एकसष्ट, सोफे-खुर्च्या मढवणारे.
मयत पत्नी डेल्फिना.
एक पांढरी डिलिव्हरी व्हॅन, डावीकडे वळताना.
आणि तीन साक्षीदार.
एकाला दिवा हिरवा दिसला, एकीला लाल,
टायरच्या दुकानातल्या पोराने आधी आवाज ऐकला,
मग मान वळवली,
आणि शपथेवर सांगतो, सगळं पाहिलं.

डोळा आणि कान यांत चार बोटांचं अंतर, म्हणतात.
खांबावरच्या डोळ्याला तर कानच नाही.

कोपऱ्यात आकडे पळतात.
४:५२:०७, पिवळा.
४:५२:०९, पिकअप थांबारेषेवर, अजून पिवळाच.
४:५२:१०, लाल.
तोवर ते चौकाच्या मधोमध,
आणि व्हॅनला थांबवलं नाही.
यापुढचं मी रोजच्या सवयीने पाहते,
म्हणजे आकड्यांकडे बघते.

विमा कंपनीचा हॅल्व्हर्सन फोनवर म्हणाला,
"पस्तीस टक्के दोष तुमच्या माणसाचा.
याच्या खाली मी येणार नाही."
मी पस्तीस लिहिलं. पेन्सिलीने.

बर्राझा आले गुरुवारी.
तोंडात खिळे धरून काम करायची चाळीस वर्षांची सवय,
बोलतानाही ओठ पुरते उघडत नाहीत.
पस्तीसवर काही म्हणाले नाहीत.
म्हणाले, "त्याच्या आधीचं आहे का?
आम्ही बोलत नव्हतो.
मेव्हण्याला दिलेल्या पैशांवरून.
कोलंबसच्या सिग्नलपासून तिने तोंड फिरवलं ते..."

मागे नेलं. ४:५१:४०.
समोरच्या काचेवर नुसतं पश्चिमेचं ऊन.
चेहरे नाहीत, दोघांचेही.
उजवी खिडकी मात्र उघडी, एसी बिघडलेला,
आणि खिडकीबाहेर कोपरापासून एक हात.
मोठं करत गेले तसा हाताचा चौकटी-चौकटींचा
राखाडी कापड झाला,
मग थोडं लहान केलं.
अंगठा आत. चार बोटं दारावर बाहेरून.
वर. खाली. खाली. वर.
थांबून पुन्हा.

ते पुढे झुकले.
"रेडिओ चालू होता," म्हणाले.
"मी बंद करणार होतो. तिला राग येतोय वाटून."
मग माझ्या टेबलावर, स्टेपलरच्या शेजारी,
त्यांची चार बोटं
वर, खाली, खाली, वर.
स्क्रीनच्या अर्धा ठोका मागे,
मग बरोबर.
"रागावली की तिची मूठ असायची," म्हणाले.
"ही मूठ नाही."

सात वेळा दाखवलं. आठव्यांदा त्यांनीच माऊस घेतला.

कोर्टासाठी मी नऊ सेकंद कापले,
४:५२:०५ ते ४:५२:१४.
बाकीचं अप्रस्तुत, असा शब्द आहे त्याला.
ते अप्रस्तुत त्यांना पेनड्राइव्हवर दिलं,
त्यांनी शर्टच्या खिशात टाकलं, वरून बटण लावलं.

दारात थांबून विचारलं,
"कोलंबसच्या सिग्नललाही खांब आहे ना?
तिथे तिने काय केलं, ते दिसेल?"

आहे खांब.
अर्जात मी एकच लिहिला होता, उत्तरेचा, अल्व्हर्ननचा.
आज बाविसावा दिवस.
मी म्हणाले, बघते.