व्ह

वांद्र्याच्या लेबर कोर्टाबाहेर
झेरॉक्सवाल्याच्या शेडला टेकून माझं टेबल.
इंग्रजीचं मराठी पानाला चाळीस रुपये,
मराठीचं इंग्रजी साठ.
तिकडे जाताना चढ लागतो, असं मी सांगतो.

गयाबाई तुपसुंदर, वय एकावन्न,
राहणार चीता कॅम्प, ट्रॉम्बे,
चौदा वर्षं कचऱ्याच्या गाडीवर,
कागदोपत्री एक दिवसही नाही.
वकीलबाईंचा इंग्रजी अर्ज तिनं समोर ठेवला,
दोन्ही हातांनी, ताट ठेवावं तसा.
"सगळं वाचा. मधलं खाऊ नका."

तिसऱ्याच ओळीत तो शब्द होता.
ॲग्रीव्ह्ड.
सरकारी परिभाषेत त्याला व्यथित म्हणतात
आणि बावीस वर्षं मीही तेच लिहीत आलोय:
भाडेकरू व्यथित, बडतर्फ वॉचमन व्यथित,
एकदा तर एक आख्खी पतपेढी व्यथित.

"म्हंजे?"
म्हणजे दुःखी. ज्याच्या मनाला लागलंय असा.
"दुःख मेल्या माणसाचं असतं, भाऊ.
माझं कोण मेलं?
माझा पगार खाल्लाय. हातमोजे खाल्लेत.
पोरीच्या बाळंतपणातली बारा दिवसांची सुट्टी खाल्ली.
हे मनाला लागलेलं नाही. हे मोजता येतंय."

अन्यायग्रस्त लिहू?
"ग्रस्त पुरातले असतात. त्यांना चादरी वाटतात."
पीडित?
"त्या पेपरात येतात. नाव बदलून."
मग तीच म्हणाली, जरा थांबून,
"आमच्याकडं नाडलेली म्हणतात."

नाडलेली.
यात दोर दिसतो, दोराची गाठ दिसते,
आणि गाठ मारणाराचा हातही दिसतो.
व्यथितमध्ये हात कुणाचाच नाही.
व्यथा आपली आपण होते,
पडसं झाल्यासारखी.

लिहिता लिहिता मी तो इंग्रजी शब्द पुटपुटलो असेन.
तिनं मान वर केली.
"हा तर पहिल्या कागदावर पण होता."
पिशवीतून काढलं, दुधाच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं,
कंत्राटदाराचं पान, चौदा वर्षांपूर्वीचं:
कामगार नव्हे, स्वयंसेवक. पगार नव्हे, मानधन.
कसलीही तक्रार नाही.
आणि खाली, अंगठ्याच्या निळ्या ठशाशेजारी,
ॲग्रीड.
मुकादमानं तेव्हा एवढंच वाचून दाखवलं होतं,
म्हणून एवढंच तिच्या कानात राहिलेलं.

मी म्हटलं, हा तो नाही.
त्याच्यात मध्ये एक व्ह आहे.
"बस, एवढाच फरक?"
एवढाच.
"कसा म्हणायचा?"
वरचे दात खालच्या ओठावर ठेवायचे,
दाबून धरायचे, आणि श्वास सोडायचा.

"दात-ओठ येतं मला," ती म्हणाली.
"श्वास तेवढा सोडला नव्हता."

मग म्हणून पाहिलं तिनं, तीनदा.
तिसऱ्यांदा झेरॉक्सवाल्यानं मशीन थांबवून बघितलं.

अर्जात शेवटी मी व्यथितच लिहिलं.
दुसरं लिहिलं तर खिडकीवरून कागद परत येतो,
आणि तिची तारीख अकराची.
दोन पानं, ऐंशी रुपये.
तिनं नोटा दिल्या आणि हात तसाच पुढं ठेवला.
"पावती."

बावीस वर्षांत कुणी मागितली नव्हती.
वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर मी लिहिलं,
गयाबाई तुपसुंदर यांजकडून
रुपये ऐंशी फक्त मिळाले.
खाली सही केली.
तिनं ती वाचली, एकेका अक्षराखाली बोट सरकवत,
आणि माझ्या सहीशी बोट थांबवून म्हणाली,
"नाव नीट लिहा. हे कुणाला वाचता येणार?"