नऊ किलोमीटरची सहल

बाबांची एक वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची.
दर सहलीची तीत एक नोंद:
किलोमीटर किती, पेट्रोल किती, हवा कशी.
१९७४ : ओकानागनचं तळं. टायर फुटला. पीच स्वस्त.
आई गेली त्या वर्षीचीसुद्धा नोंद आहे,
फक्त हवा लिहायची राहिली.

त्या जुलैत आम्ही चरापर्यंत गेलो.

आमच्या बाजूला झीरो अव्हेन्यू नावाचा रस्ता,
त्याला समांतर पलीकडे त्यांचा, अमेरिकेचा,
आणि मधे हा चर. गवत, बेडूक, शीतपेयाचे चेपलेले डबे.
एक गाय आडवी उभी राहील एवढी रुंदी.
एरवी नाक्यावरून वळसा घालून आत्याकडे जायचो,
पासपोर्ट दाखवून, चीज लपवून.
चर नुसता खिडकीतून दिसायचा.
त्याच्याकडे कोणी बघायचंही नाही.

मी डिकीतून घडीच्या खुर्च्या काढल्या.
पलीकडे चित्स्केआत्या आधीच येऊन बसलेली,
तोंडावर मास्क,
आणि भर उन्हात डोक्यावर लोकरीची टोपी.

डावीकडे एक लग्न चाललेलं.
नवरी कॅनडात, तिचे आईवडील अमेरिकेत,
पाद्री आपला आवाज कोणत्या देशाकडे फेकावा या विवंचनेत.
उजवीकडे ब्लूबेरीवाले गिल, पराठ्यांचा डबा उघडून,
बाळाला काखेत धरून उंच करत होते,
पलीकडच्या आजोबांना
नवा दात दिसावा म्हणून.

बाबांना ऐकू कमी येतं.
मास्कमुळे ओठही वाचता येईनात.
म्हणून सगळं ओरडून.
गुडघा कसा आहे, ते ओरडून.
दुधाचा भाव ओरडून.
सिब्रेनने ट्रॅक्टर विकला, तेही ओरडून, किमतीसकट.
रेन्स्केचं नवऱ्याशी पटत नाही
हे अख्ख्या चराला कळलं.
गिलबाईंनी हळहळून मान हलवली.

रास्पबेरीची टोपली आत्याच्या नातवाने
मासे धरायच्या लांब दांड्याच्या जाळीत ठेवली
आणि अलगद आमच्या देशात उतरवली.
गस्तीची गाडी तेवढ्यात हळूहळू आली.
आतल्या माणसाने आपल्या कॉफीच्या कपात
फार महत्त्वाचं काही असल्यासारखं पाहिलं,
आणि गाडी पुढे गेली.

मग आत्या उठली. मास्क हनुवटीखाली ओढला
आणि फ्रिशियनमध्ये ओरडली.

त्या भाषेत ती दोघं माझ्यासमोर
गाई हाकण्यापलीकडे कधी बोलली नव्हती.
मला शिकवली नाही. इथे काय करायचीय, म्हणायचे.
चार-पाच वाक्यं असतील. मधे एखादा आकडा असावा,
कारण तिने बोटं वर केली, आणि मग
त्यातलं एक मिटलं.
पाद्री थांबला. बाळसुद्धा गप्प झालं.
एवढ्या माणसांत, एवढ्या मोठ्याने,
आणि कोणाला काही कळलं नाही.

बाबांना पहिल्याच खेपेला ऐकू आलं.
दिवसभरात तेवढ्या एकाच वेळी
ते 'काय?' म्हणाले नाहीत.
टोपलीतली एक रास्पबेरी त्यांनी उचलली,
तिच्या आतली पोकळी बघत राहिले.
मग एक शब्द बोलले, हळू,
शेजारच्या खुर्चीत मला जेमतेम पोचला असा.
तिने मात्र मान डोलावली.

परतताना मी विचारलं, आत्या काय म्हणाली?
'यंदा रास्पबेरी लवकर पिकली म्हणाली.'
फळ नेहमीच्याच वेळेला आलं होतं.
मी गिअर बदलला.
टोपी लोकरीची का, हे विचारायचं होतं, ते राहिलं.

रात्री वही स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडीच होती:
२०२० : चर. जाऊन-येऊन नऊ किलोमीटर.
पेट्रोल भरलं नाही. हवा कोरडी, वारा दक्षिणेकडून.
पुढे 'चित्स्के भेटली' असं लिहून
त्यातल्या दुसऱ्या शब्दावर पट्टीने मारलेली रेघ,
आणि शेजारी, बारीक अक्षरात,
'दिसली'.