सव्वा रुपया येणे

देवळालीतला बंगला मोडीत निघाला
तेव्हा लखाणीने ही उचलली, माझ्या दुकानात टाकली.
म्हणाला, राणीच्या काळातली आहे,
आठ दिवसांत उभी कर.

उभी कसली! हिचा जन्मच रेलण्यासाठी.
पाठीमागे पितळी दांडी, दांडीला चार खाचा:
पहिलीत जेवण उतरतं, दुसरीत वर्तमानपत्र,
तिसरीत डोळा लागतो.
चौथीत बसलेला माणूस मी अजून पाहिला नाही.

बैठकीखाली लंडनच्या कारखानदाराची पट्टी,
पुसून पुसून नाव गुळगुळीत झालेलं.
कातडं उसवलं. आत घोड्याचे केस, काथ्या,
एक गंजकी टाचणी.

तीन पाय अक्रोडाचे.
चौथा, मागला डावा, सागाचा.
तोच घेर, तेच कंगोरे,
फक्त पॉलिश लावताना हा जरा जास्त पितो.
कुणीतरी इथंच, भगुरात नाहीतर विहितगावात,
समोर तीन पाय मांडून
चौथा ओळखला होता.

आणि तो चौकटीत शिरतो तिथं, कुसावर,
शिसपेन्सिलीने चार ओळी मोडी.
मला कुठली वाचता येते!
पाय पिशवीत घालून पंचवटीत गेलो,
धारणे मास्तरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला,
तान्हं मूल धरावं तसा:
मागला पाय डावा.
गेनू सुतार.
साहेबाकडून
सव्वा रुपया येणे.

सगळं जोडून झालं, सरस वाळला,
तेव्हा रात्री शटर ओढून मी तिच्यात बसलो.
बसून बघावंच लागतं, एकेका खाचेत, अंग टाकून.
करणाऱ्याच्या वाट्याला एवढंच बसणं येतं.
गेनूही बसला असेल, धोतराचा भुसा झटकून,
एक डोळा दारावर.

बिल केलं: कातडं, पॉलिश, चाकं दोन, मजुरी.
खाली लिहिलं, मागील बाकी सव्वा रुपया.
लखाणी हसला.
पाय ओरिजिनल नाही, माझा भाव पडणार,
आणि तू वर हे मागतोस?
चार आणे तर कधीच बंद झाले, म्हणाला,
आणि वरचे सुटे तोडून
राउंड फिगर दिली.

टेम्पोत खुर्ची उताणी घातली.
लाम रोडच्या वळणापर्यंत दिसत राहिले
वर केलेले चार पाय.
गिऱ्हाईक समोर उभं होतं, विचारत होतं
स्टुलाचं काय घेणार,
मी म्हटलं, थांबा.