कोणाला भेटायचं

नऊ वर्षं मी याच दारातून आत जाते,
मरोळच्या या काचेच्या इमारतीत,
पाचव्या मजल्यावर, बिलं तपासायला.
दारावरची एजन्सी बदलली तेव्हा
आम्हाला फक्त टोप्यांचा रंग बदललेला दिसला.

मग खिल्लारे आला.
औंढ्याकडचा. शर्टाला इस्त्री अशी
की बाहीच्या घडीवर कागद कापावा.

पहिल्याच दिवशी डबा उघडायला लावला.
वर पोळ्या, खाली गवार.
गवारीत पेनाचं टोक घातलं नाही, एवढंच.
चष्म्याचं घर उघडा. हा स्टेपलर कंपनीचा?
माझा आहे.
पावती?
स्टेपलरची पावती कोण ठेवतं हो, खिल्लारे?
त्यानं लिहून घेतलं :
स्टेपलर, नग एक, निळा, पावती नाही.

फक्त आम्हालाच छळला असता
तर शिव्या घालायला सोपं गेलं असतं.
पण त्यानं चौबळसाहेबांची डिकीही उघडायला लावली,
त्यात निघाल्या गोल्फच्या काठ्या
आणि बायकोनं दुकानात परत द्यायला सांगितलेले पडदे.
आठवडाभर मजल्यावर तेवढाच विषय.

फर्जानाला सातवा महिना होता.
तिच्या पोटाकडे ते पिंपिं करणारं यंत्र नेलं
तेव्हा मात्र मी ओरडले, सगळ्या लॉबीत ऐकू जाईल असं.
नियम आहे, तो म्हणाला. हळू.
पण यंत्र खाली घेतलं
आणि बराच वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

एका गुरुवारी माझं कार्ड घरी राहिलं.
खिल्लारे हसला. चक्क.
मुलीचा निकाल काय लागला, विचारलं.
एक्क्याण्णव टक्के म्हटल्यावर त्यानं हात जोडले,
वर, छताकडे.
आणि मग दांडा आडवा.
"ओळखतो की मॅडम.
पण ओळख निराळी, ओळखपत्र निराळं."

पाहुण्यांची वही पुढे आली.
कुठून आलात : चकाला.
काम काय : (इथं मी जरा अडखळले) नोकरी.
कोणाला भेटायचं :
रागारागानं मी माझंच नाव लिहिलं,
कालिंदी पेडणेकर, पाचवा मजला.

त्यानं ते शांतपणे वाचलं
आणि इंटरकॉमवरून माझ्या टेबलाला फोन लावला.
वाजला. वाजत राहिला.
मीही कान देऊन उभी,
उचलेल कुणीतरी, म्हणून.
"मॅडम जागेवर नाहीत," तो म्हणाला, "बसा जरा."

त्या दुपारी तक्रार लिहायला घेतली.
'सदर सुरक्षारक्षक अतिउत्साही असून'
इथंच अडलं.
उत्साह कधी दिसला मला त्याच्यात?
बारा तास उभा, डोळ्यांखाली काळं,
उत्साह म्हणतात तो असा असतो का?
चहा आणणारा भिवा म्हणाला,
आधीच्या पोराच्या पाळीत एक लॅपटॉप गेला, ताई.
अकरा महिने कापतायत त्याच्या पगारातून.
मी तो शब्द खोडला. दुसरा सापडला नाही.

रविवारी मरोळ नाक्यावर भाजी घेत होते.
चौकड्याचा शर्ट घातलेला एक माणूस शेजारी येऊन
नमस्कार म्हणाला. मी पिशवी घट्ट धरली.
कोण तुम्ही?
त्याचा हात आपोआप छातीवर गेला,
कार्ड लटकतं त्या जागी. तिथं बटण होतं.
"मी खिल्लारे, मॅडम. गेटवरचा."
मग दोघंही उगाच भेंडीचा भाव विचारत राहिलो,
एकाच भाजीवाल्याला, दोनदा.

सोमवारी पुन्हा टोपी, इस्त्री, दांडा.
कार्ड बघितलं, फोटो बघितला, मला बघितलं.
डबा.
झाकण काढलं.
"कालचीच का?" त्यानं विचारलं.
मी मान हलवली.
वहीत काहीतरी लिहिलं त्यानं.
काय, ते मी वाकून पाहिलं नाही.